एव्हर्टसाठी राखलेली जागा

‘कृपा’ हा शब्द लिहिताना माझा हात अजून अडखळतो. आमच्या घरात नवस नव्हते, उपास नव्हते, कौल लावणं नव्हतं. नागपूरच्या दोन खोल्यांत सकाळी बुद्धवंदना व्हायची आणि तिच्या पाठोपाठ तेविसाचा पाढा. बाबा गणिताचे शिक्षक. अमक्याला दृष्टांत झाला म्हणून शेजारचं कोणी सांगायला आलं की ते चष्मा पुसत विचारायचे, “किती वाजता?” आणि संभाषण तिथेच संपायचं. अशा माणसाची मुलगी मी. त्यामुळे यंदाच्या हिवाळ्यात माझ्या बाबतीत जे घडलं ते कुणाला पटवायला मी बसलेले नाही. ज्या क्रमाने घडलं त्या क्रमाने सांगते. त्याला नाव काय द्यायचं हे मला आजही नीट ठरवता आलेलं नाही.

सुरुवात चार वर्षांपूर्वीची आहे आणि ती वाईट आहे. तेव्हा मी मास्ट्रिख्ट या डच शहरात पीएचडी संपवत होते. शेवटच्या जाहीर परीक्षेला थोडे दिवस उरले असताना नागपुरात आईला कावीळ झाली, ती वाढत गेली, आणि दवाखान्यात भरती केल्यापासून पाचव्या दिवशी आई गेली. मला हे कुणीही कळवलं नाही. परीक्षा होईपर्यंत पोरीच्या कानावर काही जाता कामा नये, अशी बाबांनी सगळ्या घराला ताकीद दिली होती. परीक्षा झाली, मित्रमैत्रिणींनी केक कापला, मी हसरे फोटो घरी पाठवले, आणि त्या संध्याकाळी बाबांचा फोन आला. आधी म्हणाले, “अभिनंदन, डॉक्टर.” मग म्हणाले, “आता जरा बस. तुझी आई गेली.” तोवर तिला जाऊन अकरा दिवस झाले होते. जलदान विधी, पुण्यानुमोदन, सगळं उरकलं होतं. पुढे माझ्या धाकट्या भावाने, सुमेधने, रडत रडत आणखी एक गोष्ट सांगितली. शेवटच्या दोन दिवसांत आईने दोनदा मला फोन लावायला सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा बाबा तिला म्हणाले होते, “तिची परीक्षा होऊ दे, मग बोल.”

बाबांनी हे दुष्टपणाने केलं नाही हे मला तेव्हाही कळत होतं. ज्या माणसाने दिव्याच्या उजेडात शिकून शाळेतली नोकरी मिळवली, जो रविवारी विहारात वस्तीतल्या मुलांना फुकट गणित शिकवायचा, त्याच्या लेखी घरातली पहिली पीएचडी मरणापेक्षाही मोठी होती. कळत होतं, पण कळून काय उपयोग? माझ्या आईला माझ्याशी बोलायचं होतं आणि तिला बोलू दिलं नाही, एवढंच मला दिवसरात्र दिसायचं. मी भांडले नाही. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. मी बाबांशी बोलणंच बंद केलं. व्हिडिओ कॉलवर सुमेधशी बोलताना मागून बाबा येताना दिसले की मी “नेट जातंय” म्हणून फोन ठेवायची. ते रोज सकाळी बुद्धाचं चित्र आणि खाली ‘सुप्रभात बेटा’ असा मेसेज पाठवायचे. मी तो उघडायची, वाचल्याच्या निळ्या खुणा त्यांना दिसतील अशी काळजी घ्यायची, आणि उत्तर द्यायची नाही. चार वर्षं, रोज. वंदनाही मी सोडली होती, कारण ती म्हणताना कानात त्यांचाच आवाज यायचा.

दरम्यान मला सॉफ्टवेअर तपासण्याची नोकरी लागली आणि मी झूटरमेरला राहायला आले. एकटीच. इथला हिवाळा ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. दुपारी चारला अंधारून येतं आणि शनिवार-रविवारी तोंडातून एक शब्दही न निघता दोन दिवस जातात. वाचनालयातल्या फळ्यावर मला एकदा एक चिठ्ठी दिसली: दर रविवारी एक तास शांत बसणे, कोणीही यावे. मला वाटलं विपश्यनेसारखं काही असेल, म्हणून गेले. ते निघाले क्वेकर. ख्रिस्ती पंथ, पण तिथे ना पाद्री, ना प्रवचन, ना गाणं. एका जुन्या शाळेच्या खोलीत दहाबारा म्हाताऱ्या माणसांच्या गोल मांडलेल्या खुर्च्या, मधे टेबलावर फुलदाणी. सगळे तासभर गप्प. कुणाला आतून अगदीच वाटलं तर उठून दोन वाक्यं बोलायचं आणि बसायचं. नंतर कॉफी आणि एक बिस्कीट. एकच, मग डबा बंद. मला कुणीही विचारलं नाही की तू कुठल्या धर्माची, इथे का येतेस. गप्प बसण्यात मी तरबेज झालेच होते, त्यामुळे तिथे मला चांगलं जमलं. दोन वर्षं मी तिथे जात राहिले आणि तासभर बसून बाबांवरचा राग मनात घोळवत राहिले, हे आज लिहायला लाज वाटते.

त्या गटाची एक रीत मला फार विचित्र वाटायची. ते मतदान करत नाहीत. हीटर नवा घ्यायचा का, एवढी साधी गोष्ट असली तरी सगळ्यांचं मन एका ठिकाणी येईपर्यंत थांबतात. एकाला जरी पटत नसेल तरी विषय पुढच्या महिन्यावर. आमच्या ऑफिसात कुणी असं काम केलं असतं तर त्याला कधीच घरी बसवलं असतं. गटाचं कामकाज पाहणारे विम नावाचे सत्तरीतले गृहस्थ आहेत, मी त्यांना मनातल्या मनात विमकाका म्हणते. गेल्या शरदात त्यांनी मला विचारलं, गटाची जुनी वार्तापत्रं खोक्यांत सडतायत, तू कॉम्प्युटरवाली आहेस, स्कॅन करून देशील का? मी हो म्हटलं. शनिवार रिकामाच असायचा.

चार खोकी होती. सायक्लोस्टाइल केलेले, गंजक्या टाचण्यांचे अंक, माझ्या जन्माच्याही आधीचे. माझं डच कामापुरतं, त्यामुळे फोनवर अर्थ बघत बघत एकेक पान वाचायची. त्यात थोरामोठ्यांचा इतिहास नव्हता. रविवारी सूप कोण आणणार, दार उघडण्याची पाळी कुणाची, सायकलचा पंप कोण विसरलं, कोण आजारी आहे आणि त्याला सगळ्यांनी मनोमन आठवावं. युद्धातून पळून आलेल्या एका कुटुंबाला कुणाकडे किती दिवस ठेवलं त्याची यादी. एका बाईने केलेल्या जॅमची तक्रार, आणि पुढच्या अंकात त्या तक्रारीबद्दल दिलगिरी. अंकाअंकाला ओळखीची झालेली नावं आजारी माणसांच्या यादीत जायची आणि मग एके महिन्यात त्यांच्यावर अर्धं पान यायचं, चौकटीत, ‘आठवणीत’ असा मथळा देऊन. मी ती सगळी अर्धी पानं वाचली. माझ्या आईसाठी कुणी असं अर्धं पान लिहिलं नव्हतं, हे दर वेळी डोक्यात यायचंच.

मग ती कोरी पानं लागली. एका अंकात चौकट होती, वर ‘एव्हर्टच्या आठवणीत’ असा मथळा होता, आणि खाली काहीच नव्हतं. मी सवयीने माझ्या यादीत नोंद केली: पान चार, अर्धं कोरं, छपाईदोष. पुढच्या अंकातही तेच. त्याच्या पुढच्याही. मी नोंद करतच गेले. असे जवळजवळ तीन वर्षांचे अंक निघाले, प्रत्येकात तीच चौकट, तोच मथळा आणि तीच कोरी जागा. इतका जुना दोष कुणी दुरुस्त का केला नाही म्हणून मी बैठकांचे वृत्तांत चाळले, तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी एक ओळ दिसायला लागली: ‘एव्हर्टविषयीच्या मजकुरावर अजून मनं एक झालेली नाहीत. वाट पाहत आहोत.’ संपादकाला कुणीतरी अर्धं पान राखायला सांगितलेलं, आणि तो बापडा पुढची सूचना येईपर्यंत दर महिन्याला ते राखत बसलेला! असा घोळ याच लोकांत होऊ शकतो, असं म्हणून मी एकटीच हसले. ज्या अंकात ती जागा भरली किंवा काढून टाकली, तो अंक मात्र खोक्यांत नव्हता. विमकाका त्या काळी गटात नव्हते. “जुन्या लोकांना फोन करून बघतो,” एवढं म्हणाले.

हे सगळं चालू असतानाच नोव्हेंबरात एका सकाळी फोनवर बुद्धाचं चित्र आलं नाही. मी दुपारपर्यंत चारपाच वेळा फोन बघितला, आणि मग सुमेधचा मेसेज आला की बाबांना पक्षाघात झालाय. उजवी बाजू गेली होती आणि वाचा गेली होती. मी सगळं केलं. रिपोर्ट मागवले, डॉक्टरांशी दोनदा बोलले, व्यायामाची माणसं शोधून दिली. सुमेध म्हणायचा, “ताई, एकदा फक्त त्यांच्यासमोर फोन धरतो ना. ते ऐकतात सगळं. बोलता येत नाही एवढंच.” मी म्हणायची, “आत्ता नको, मीटिंग आहे.” खरं कारण वेगळं होतं. चार वर्षं मी एका वाक्याची वाट पाहत होते. ‘बेटा, माझं चुकलं’ एवढं ते म्हणतील आणि मग मी बोलेन, असं माझं ठरलेलं होतं. आता ते वाक्य येणारच नव्हतं. त्यांच्या तोंडून शब्दच निघत नव्हता, आणि मला त्यांची कीव येण्याऐवजी राग आला की हा माणूस यातूनही सुटला. इतकं माझं मन घट्ट झालं होतं. डिसेंबरात सुमेध म्हणाला की बाबांचं खाणं कमी होतंय, ये. मी म्हटलं, बघते. जानेवारीतही बघतच होते.

जानेवारीच्या शेवटी मोठं वादळ झालं. गुरुवारी गाड्या बंद होत्या, शुक्रवारी सकाळी आमच्या भागात ट्रॅमच्या तारांवर झाड पडलेलं. ऑफिसला जाता येईना. घरून काम करावं तर माझ्या इमारतीतली वीज गेलेली. तेव्हा स्कॅनच्या कामासाठी विमकाकांनी दिलेली किल्ली खिशात होती म्हणून सायकल ढकलत त्या शाळेच्या खोलीत गेले, तिथे वीज होती. एरवी मी कधीच शुक्रवारी तिथे गेले नव्हते. अर्ध्या तासाने दार वाजलं. बाहेर ऐंशीच्या घरातली एक उंच, वाकलेली बाई, हातात कापडी पिशवी. शेजारणीच्या मोटारीने आली होती आणि शेजारीण दोन तासांनी न्यायला येणार होती. म्हणाली, मी काल विमकडे येणार होते, पण गाड्या बंद होत्या. जुने अंक आणलेत. तिचं नाव हॅनेके. गटातून ती केव्हाच दूर गावी राहायला गेली होती, मी तिला कधी पाहिलंही नव्हतं. आम्ही कॉफी घेतली, ती पिशवीतले अंक एकेक काढून टेबलावर ठेवत होती, आणि मी बोलायला विषय हवा म्हणून माझ्या यादीतला विनोद सांगावा तसं सांगितलं, की तुमच्या संपादकाने एका एव्हर्टसाठी तीन वर्षं जागा कोरी ठेवली होती.

हॅनेकेबाई हसल्या. “हो, तो फार काटेकोर होता. कुणी थांब म्हटलं नाही, म्हणून तो थांबला नाही.” मग म्हणाल्या, “एव्हर्ट माझे वडील. मान्य नव्हतं ते मलाच.”

मी गडबडून माफी मागायला लागले तर त्यांनी हाताने थांबवलं आणि सांगायला सुरुवात केली. अर्धं डच, अर्धं इंग्रजी, मधे मधे मोठी विश्रांती घेत. एव्हर्ट या गटाचा लाडका माणूस. दर रविवारी सगळ्यांच्या आधी यायचा, शेगडी पेटवून खोली ऊबदार करायचा, आणि त्याच्यासारखं शांत बसणं कुणालाच जमत नाही असं सगळे म्हणायचे. पण तो घरीही तसाच बसायचा. बायकोचं काही चुकलं, मुलींनी उलट उत्तर दिलं, की तो बोलणं बंद करायचा. तीन आठवडे, कधी दोन महिने. ताटावर समोरासमोर बसून एक शब्द नाही. “मारलं कधीच नाही,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे मारणं पाप होतं. पण आमच्या घरात जो आधी बोलेल तो हरला, असा नियम होता. आणि ते कधीच हरले नाहीत.” तो वारला तेव्हा गटाने मजकूर लिहिला, की एव्हर्टच्या शांततेतून आम्हाला प्रकाश मिळाला. बैठकीत तो वाचून दाखवला आणि हॅनेकेबाई उठून म्हणाल्या, मला हे मान्य नाही. तिशीतल्या होत्या तेव्हा. बाकी सगळ्यांना मान्य होतं. तरी कुणीही त्यांना बाजूला सारून पुढे गेलं नाही.

“मग काय झालं?” मी विचारलं.

“काहीच नाही. थांबले. दर रविवारी मी यायची, ते म्हणायचे, हॅनेके, सूप छान झालंय. एकानेसुद्धा कधी विचारलं नाही की झालं का तुझं. मला तेव्हा वाटायचं, विचारा ना! भांडा ना माझ्याशी! आणि मग एका रविवारी बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की मी त्यांच्या पहिल्या शब्दाची वाट बघतेय. मेलेल्या माणसाच्या. मी त्यांचाच खेळ खेळत होते, त्यांच्याच नियमाने. आणि तो माणूस तर उठून गेला होता.” त्यांनी कप खाली ठेवला. “मग मी हरायचं ठरवलं. दुसरं काय करणार?”

पिशवीतला शेवटचा अंक त्यांनी माझ्यापुढे सरकवला. त्यात ती चौकट भरलेली होती. फार थोडा मजकूर होता. एव्हर्ट दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन आमच्यासाठी खोली ऊबदार करत असे. घरी तो आपल्या माणसांशी आठवडेच्या आठवडे बोलत नसे. या दोन्ही गोष्टी आम्हाला ठाऊक आहेत, आणि त्याच्याबद्दलची तक्रार आम्ही आता खाली ठेवत आहोत. एवढंच. खाली कुणाचं नाव नव्हतं, सगळ्या गटाचा म्हणून तो छापला होता.

मी तो परत परत वाचत राहिले. कुणालाही वाटेल की मला त्या मुलीत मी दिसले असेन. मलाही आधी तसंच वाटलं, की बघा, हिच्याही वडिलांनी हिला छळलं, माझ्याही वडिलांनी मला. पण ते फार वेळ टिकलं नाही. ताटावर समोर बसून न बोलणारं माणूस आमच्या घरात कोण होतं? रोज सकाळी ‘सुप्रभात बेटा’ म्हणणारे बाबा, की तो मेसेज उघडून, निळ्या खुणा दाखवून गप्प राहणारी मी? बाबा तर चार वर्षं रोज आधी बोलत होते. रोज हरत होते. मी हॅनेके नव्हते, मी एव्हर्ट होते. आईशी त्यांनी केलं ते चुकीचंच होतं, आजही मी ते बरोबर म्हणणार नाही. पण चार वर्षं मी जे केलं त्याला मी आजवर दुःख म्हणत आले होते, आणि ती निव्वळ शिक्षा होती. आता त्या माणसाची वाचा गेली होती. म्हणजे बोलायचं असेल तर आधी मलाच बोलावं लागणार होतं. दुसरा रस्ता शिल्लकच नव्हता.

मी हॅनेकेबाईंना एवढंच म्हटलं की मला वडिलांना फोन करायचाय. त्या उठल्या, कप उचलून आतल्या मोरीकडे गेल्या. भारतात संध्याकाळ झाली होती. सुमेधने फोन उचलला आणि माझं तोंड बघून काही न विचारता बाबांच्या खाटेसमोर, टेबलावरच्या स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवला. मी चार वर्षांनी त्यांना नीट पाहिलं. गाल बसले होते, ओठ एका बाजूला ओढला गेला होता, दाढी वाढलेली. आमचे बाबा, जे शाळेच्या सुट्टीतही रोज दाढी करायचे. मी म्हटलं, “बाबा, मी आहे.” आणि पुढे काय बोलायचं ते सगळं विसरले. त्यांनी तोंड उघडलं, घशातून एक ओबडधोबड आवाज आला, तो आवाज त्यांचा त्यांनाच सहन झाला नाही बहुतेक, त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मला वाटलं, संपलं. पण मी फोन ठेवला नाही. बसून राहिले. हॅनेकेबाई कप धुऊन बाहेर आल्या, बघितलं, आणि माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून, फोनमध्ये दिसणार नाहीत अशा बसल्या. त्यांनी डोळे मिटले. किती वेळ गेला कोण जाणे, बाबांनी मान परत वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. मग आम्ही दोघं नुसते बघत बसलो. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहून उशीवर जात होतं आणि पुसायला त्यांचा उजवा हात चालत नव्हता, डाव्यात त्राण नव्हतं. मी इथे बसून तेही करू शकत नव्हते.

मधेच सुमेधने डोकावून विचारलं, “ताई, नेटवर्क गेलं का?”

“नाही रे. आहे. असू दे,” मी म्हटलं.

शेवटी ते दमले, डोळे मिटायला लागले. मी म्हटलं, “बाबा, मी येते. तिकीट मिळेल त्या पहिल्या विमानाने येते.” त्यांनी पापण्या दोनदा मिटल्या. तो होकार होता की झोप, मला माहीत नाही. ते माफी मागू शकले नाहीत आणि मीही माफ केलं वगैरे म्हटलं नाही. फोन ठेवल्यावर मी हॅनेकेबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडले. शेजारणीची मोटार आली तेव्हा कोट चढवत त्या म्हणाल्या, “जा लवकर.” त्यांचा फोन नंबर मी घेतला नाही, ते सुचलंच नाही.

रविवारचं तिकीट मिळालं. सकाळी स्किपोल विमानतळावर सगळ्या तपासण्या उरकून मी गेटपाशी बसले होते. सुमेधचा फोन आला.

“ताई, विमानात बसलीस का?”

“नाही अजून. गेटवर आहे.”

“बाजूला खुर्ची आहे? बस आधी.” मी बसलेलीच होते. “ताई, बाबा गेले. वीस मिनिटं झाली. झोपेतच.” मग तो भरभर बोलायला लागला, जणू कुणी मधेच फोन हिसकावून घेईल. “मोठे काका म्हणत होते, एकटी आहे, एवढा लांबचा प्रवास आहे, इथे पोचल्यावर सांगू. सगळेच म्हणत होते. मी म्हटलं, नाही. या घरात आता हे होणार नाही. मी आत्ता सांगणार. चुकलं का गं माझं?”

“नाही,” मी म्हटलं. “बरं केलंस. फार बरं केलंस.”

“तू येईपर्यंत आम्ही थांबतोय. कुणी काही करणार नाही तोवर.”

वादळाने गाड्या बंद पडल्या नसत्या, झाड तारांवर पडलं नसतं, माझ्या इमारतीची वीज गेली नसती, तर मी शुक्रवारी त्या खोलीत नसते आणि ती बाई मला भेटली नसती. त्यानंतर बाबांना दोनच दिवस उरले होते. वादळं दर हिवाळ्यात येतात, हे मलाही कळतं. बाबा असते तर चष्मा पुसत त्यांनी शक्यतेचं गणित मांडून दाखवलं असतं, आणि ते बरोबरही आलं असतं. मी एवढंच म्हणते की चार वर्षं मी जे मुठीत आवळून धरलं होतं ते माझ्या बळाने सुटलं नाही. मला ते सोडायचंही नव्हतं. कुणीतरी पाठवल्यासारखं येऊन माझी बोटं उघडली, आणि मी फक्त ती उघडू दिली. शरण जाणं म्हणजे याहून मोठं काही असेल तर ते मला माहीत नाही. त्रिशरण मी लहानपणापासून म्हणत आले. ‘शरण जातो’ म्हणताना जायचं असतं, हे मात्र आत्ता कळलं. आईचं दुःख तसंच आहे. बाबांना भेटता आलं नाही, हेही जन्मभर राहणार. तरी त्या खोलीबद्दल, त्या तीन वर्षं थांबलेल्या लोकांबद्दल, माझ्या भावाबद्दल मनात जे भरून येतं त्याला कृतज्ञता म्हणायला माझी हरकत नाही.

विमान सुटलं तेव्हा मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. शेजारी एक मध्यमवयीन डच बाई होत्या. त्यांनी बराच वेळ दुर्लक्ष केल्यासारखं केलं, मग हळूच पाण्याची बाटली पुढे केली आणि विचारलं, सगळं ठीक आहे ना? आई गेली त्या दिवशी मी मास्ट्रिख्टच्या बाजारात नवे बूट घेत होते, हसत होते, मला काही ठाऊक नव्हतं. तिच्यासाठी ‘आज गेली’ असं मला कधीच म्हणता आलं नाही. मी त्या बाईंकडे वळले आणि म्हटलं, “माझे वडील आज गेले.”